भिंतीला चिकटलेला भात : स्वयंपाकघरातला एक स्वस्त विज्ञानपाठ



स्वयंपाकघराची भिंत पुसणं हा काही पाठ्यपुस्तकातला धडा नाही. पण कुकरची शिट्टी झाली की वरणाचं पाणी कुठे उडतं, पिठलं रटरटायला लागलं की त्याचे शिंतोडे कुठे बसतात, लहान लेकरानं भिरकावलेला वरण-भात दोन दिवसांनी कुठे वाळलेला सापडतो, हे प्रत्येक घराला माहीत आहे. आपल्या जिल्ह्यातल्या शाळांची पोषण आहाराची किचनशेडही याला अपवाद नाही.

थोडं गणित करून पाहू. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सुरू झालेली शालेय पोषण आहार योजना २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालते. तिच्या निकषांप्रमाणे पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे रोज १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेलं असतं. सहावी ते आठवीसाठी हेच प्रमाण १५०, ३०, ७५ आणि ७.५ ग्रॅम आहे. म्हणजे ६० मुलांच्या प्राथमिक शाळेत रोज ६ किलो तांदूळ, १ किलो २०० ग्रॅम डाळ आणि ३०० ग्रॅम तेल एका पातेल्यातून जातं. त्यातले चार शिंतोडे रोज भिंतीवर बसले, तरी वर्षभरात भिंतीचं काय होत असेल?

ही भिंत साफ कोण करतं? शाळेत स्वयंपाकी ताई आणि घरी बहुतेक वेळा आई. कशाने? तारेची घासणी, सुरी किंवा उलथण्याचं टोक. जोर लावला की डाग निघतो, पण त्याबरोबर रंगही निघतो. मग त्या उघड्या पडलेल्या जागेत पुढचा डाग आणखी घट्ट बसतो. खांदा दुखतो तो वेगळाच, आणि शेवटी रंगाचा खर्च येतोच.

या पाठातून एकच गोष्ट मुलांपर्यंत आणि घराघरांत पोहोचवायची आहे : आधी भिंत ओळखायची, मग डाग ओळखायचा, मग त्याला भिजायला वेळ द्यायचा. घासणं सगळ्यात शेवटी. यात लागणारं साहित्य जवळजवळ फुकटचं आहे.

पाठाची उद्दिष्टे (इयत्ता सहावी ते आठवी)

१. पिष्टमय पदार्थ, प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ यांचे गुणधर्म रोजच्या अनुभवातून ओळखणे.
२. आम्ल, आम्लारी आणि दर्शक यांचा घरात होणारा उपयोग समजून घेणे.
३. एका वेळी एकच गोष्ट बदलून प्रयोग करणे आणि निरीक्षणे नोंदवणे.
४. साफसफाई हे डोकं वापरून करायचं काम आहे आणि ते घरातल्या सगळ्यांचं आहे, ही जाणीव होणे.

पायरी पहिली : भिंत कशाची आहे?

आपल्याकडे साधारण चार प्रकारच्या भिंती दिसतात. चुन्याची सफेदी, डिस्टेंपर, प्लास्टिक पेंट आणि ऑइल पेंट. बऱ्याच शाळांत आणि जुन्या घरांत खालच्या अर्ध्या भागाला ऑइल पेंटचा पट्टा आणि वर चुना किंवा डिस्टेंपर असतं. म्हणजे एकाच भिंतीला दोन वेगळे उपाय लागतात.

ओळखायची सोपी खूण अशी. कपाटामागे किंवा दाराआड, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, पाण्याचा एक थेंब ठेवा. थेंब लगेच जिरला तर भिंत चुन्याची किंवा डिस्टेंपरची. थेंब तसाच ओघळला तर प्लास्टिक पेंट किंवा ऑइल पेंट. मग ओला पांढरा फडका हलकेच फिरवा. फडक्याला रंग लागला, तर ही भिंत पाण्याने घासण्याजोगी नाही.

असं का होतं? चुना भिंतीला लावल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतो आणि त्याचा कॅल्शियम कार्बोनेट होतो. हा थर कडक असला तरी सच्छिद्र असतो, म्हणून पाणी पितो. डिस्टेंपरमध्ये खडूसारखी भुकटी आणि ती धरून ठेवणारा थोडासा चिकट पदार्थ असतो. तो ओला झाला की सैल पडतो. प्लास्टिक पेंट आणि ऑइल पेंट वाळल्यावर भिंतीवर पातळ पापुद्रा तयार करतात. पाणी त्याच्या वरच राहतं, म्हणून असा रंग ओल्या फडक्याने पुसता येतो. मात्र नवीन रंग दिलेला असेल तर महिनाभर तरी भिंत ओली करून घासू नये. पापुद्रा पक्का व्हायला तेवढा वेळ लागतो.

पायरी दुसरी : डाग कशाचा आहे?

पोषण आहाराच्या पातेल्यात जे तीन मुख्य घटक असतात, तेच तीन प्रकारचे डाग भिंतीवर असतात.

भात, खिचडी, भाकरीचं पीठ : हे पिष्टमय पदार्थ. पतंगाला किंवा वहीच्या कव्हरला लावायला आपण घरी खळ शिजवतो ना? पीठ पाण्यात शिजलं की त्यातले पिष्टाचे कण पाणी पिऊन फुगतात आणि चिकट होतात. वाळले की कडक होतात. भिंतीवरचा वाळलेला भात म्हणजे खळच. कोरडी खळ खरवडली तर खालचा कागद फाटतो, पण ओली केली की अलगद सुटते. भिंतीचंही तसंच आहे. पाणी सुकल्यामुळे जो डाग घट्ट झाला, त्याला पाणी परत दिलं की तो सैल होतो.

डाळ, बेसन, दूध, अंडं : यांत प्रथिने असतात. उष्णतेने प्रथिने घट्ट होतात. अंडं उकडल्यावर काय होतं ते आठवा. म्हणून कच्च्या अंड्याचा किंवा दुधाचा डाग असेल तर कढत पाणी टाकू नका. आधी साधं पाणी, मग कोमट.

फोडणीचं तेल : हा सगळ्यात हट्टी डाग. ताजं तेल पुसलं की निघतं. पण पातळ थरात महिनोन् महिने हवेत राहिलं, की ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे लहान रेणू एकमेकांना जोडले जाऊन पिवळट चिकटा तयार होतो. गॅसच्या वरच्या भिंतीला हात लावला की चिकट लागतं, ते हेच. त्यावर धूळ बसते, मुंग्या-झुरळं येतात. हा चिकटा नुसत्या पाण्याने हलत नाही. त्याला साबण किंवा सोडा लागतो.

इथे मुलांना एक गंमत जरूर सांगा. पारंपरिक ऑइल पेंटही असाच वाळतो. जवसाच्या तेलासारखं तेल हवेतल्या ऑक्सिजनने घट्ट होऊन त्याचा पापुद्रा बनतो. म्हणजे तेलाचा चिकटा आणि ऑइल पेंट हे एकमेकांचे नातेवाईकच! म्हणूनच जे कडक रसायन चिकटा झटकन काढतं, ते खालच्या रंगालाही खातं. सोडा जपून वापरायचा तो यासाठी.

पायरी तिसरी : ओल्या पट्टीचा उपाय

ताप आला की कपाळावर ओली पट्टी ठेवतात. तीच पट्टी इथे भिंतीला ठेवायची.

साहित्य : जुन्या सुती साडीचा किंवा धोतराचा तुकडा, कापून उघडलेली दुधाची रिकामी पिशवी, तांब्याभर कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे दोन-तीन थेंब, जुनी प्लास्टिकची फूटपट्टी आणि एक कोरडा फडका.

कृती :

१. गॅस बंद आणि थंड असू द्या. जवळ विजेचं बटण किंवा सॉकेट असेल तर मेन स्विच बंद करा.

२. डागाचा वर आलेला जाड भाग फूटपट्टीने अलगद उचला. पट्टी भिंतीला जवळजवळ टेकलेली, आडवी धरा. उभी धरली की कोपरा रंगात घुसतो.

३. फडका साबणाच्या पाण्यात बुडवून पिळून घ्या. पाणी ओघळता कामा नये. तो डागावर दाबून चिकटवा.

४. वरून दुधाची पिशवी लावा, म्हणजे फडका वाळत नाही. मार्चनंतर आपल्याकडे ओला फडका भिंतीवर पाच मिनिटांत कोरडा होतो, म्हणून ही पिशवी महत्त्वाची.

५. दहा ते पंधरा मिनिटं थांबा. तेवढ्यात दुसरं काम होतं.

६. फडका काढून त्याच फडक्याने गोल-गोल, हलक्या हाताने पुसा. निघालं नाही तर जोर वाढवू नका, पट्टी परत ठेवा.

७. शेवटी साध्या पाण्याच्या फडक्याने साबण पुसून घ्या आणि भिंत कोरडी करा.

प्लास्टिक पेंट आणि ऑइल पेंटच्या भिंतीला हे सगळं चालतं. डिस्टेंपरला पट्टी तीन ते पाच मिनिटंच ठेवा, आणि घासण्याऐवजी फडका फक्त दाबून उचला. चुन्याच्या भिंतीवर पाणी घालूच नका. डाग पूर्ण वाळू द्या, फूटपट्टीने उचला आणि राहिलेल्या खुणेवर चुन्याचा एक हात मारा. तिथे तोच सगळ्यात स्वस्त उपाय आहे.

पायरी चौथी : तेलाचा चिकटा

इथेही आधी भांड्यांच्या साबणाचं कोमट पाणी वापरा. साबणाच्या रेणूचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, त्यामुळे तेल पाण्याबरोबर निघून येतं. एवढ्याने झालं नाही तर खाण्याच्या सोड्यात थोडं पाणी घालून मऊ लेप करा, बोटाने लावा, पाच मिनिटांनी मऊ फडक्याने पुसा. सोड्याचे बारीक कण हलकेच घासतात आणि तो सौम्य आम्लारीही आहे.

तरीही राहिलं, तरच धुण्याचा सोडा. अर्धा लिटर कोमट पाण्यात एक सपाट चहाचा चमचा, म्हणजे साधारण ५ ग्रॅम. हातात मोजे घाला, आधी कोपऱ्यात करून पाहा, दोन-तीन मिनिटांत पुसून काढा आणि साध्या पाण्याने दोनदा पुसा. खाण्याच्या सोड्याच्या पाण्याचा सामू साधारण ८ च्या आसपास असतो, तर धुण्याच्या सोड्याचा ११ च्या आसपास. तीन अंकांचा फरक म्हणजे आम्लारीपणात जवळजवळ हजारपट फरक, हे मोठ्या मुलांना सांगता येईल. म्हणून हे काम मुलांच्या हातात देऊ नये.

मोठा भाग धुवायचा असेल तर साबणाचा फडका खालून वर फिरवा, म्हणजे घाण पाण्याचे ओघळ कोरड्या भिंतीवर पडून पट्टे उमटत नाहीत. साध्या पाण्याने पुसताना मात्र वरून खाली या.

बोअरच्या पाण्याला साबणाचा फेस येत नाही, ही तक्रार आपल्याकडे नेहमीची. पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून पांढरट साका करतात. भिंतीवर नंतर दिसणारे पांढरे पट्टे कधी कधी या साक्याचेच असतात. अशा ठिकाणी कपड्यांच्या वडीपेक्षा भांड्यांचं लिक्विड चांगलं काम करतं. शेवटचं पुसायला पिण्याचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर उत्तम.

हळद लाल का होते?

फोडणीच्या डागाला साबण लावला की पिवळा डाग एकदम लालसर होतो. पुष्कळ जण घाबरतात, डाग वाढला असं वाटतं. खरं तर हळद हा दर्शक आहे. आम्लारी मिळाली की ती लाल होते. हळद आणि चुना एकत्र करून कुंकू करतात, त्यामागेही हेच आहे. हळदीच्या साडीला साबण लागल्यावर जे होतं तेच भिंतीवर होतं. साध्या पाण्याने साबण निघाला की रंग परत पिवळा होतो.

हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, पण तेलात विरघळतो. म्हणून आधी तेल काढा, बरीचशी हळद त्याबरोबर जाते. राहिलेली पिवळी झाक घासू नका. हळदीचा रंग उजेडात फिका पडतो. खिडकी उघडी ठेवा, भिंतीवर ऊन येत असेल तर काही दिवसांत फरक दिसेल.

पाणी किती लागलं?

सह्याद्रीला लागून असलेल्या अकोल्याच्या पश्चिम भागात पाऊस कोसळतो. पण पाथर्डी, जामखेड, कर्जत, पारनेरकडे उन्हाळ्यात हंड्याची किंमत वेगळीच असते. तिथे भिंतीवर बादल्या ओतून धुणं शक्यच नाही. ओल्या पट्टीच्या उपायाला एका डागासाठी तांब्याभर पाणीही जास्त होतं. नगर तालुक्यातलं हिवरे बाजार गाव दरवर्षी आपल्या पाण्याचा ताळेबंद मांडतं. मुलांना सांगा, तुम्हीही एका भिंतीचा ताळेबंद मांडा : किती पाणी घेतलं, किती उरलं, उरलेलं कुठे वापरलं. नुसत्या सौम्य साबणाचं उरलेलं पाणी ओटा किंवा फरशी पुसायला चालतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी झाडांना घालू नका.

हे मात्र करू नका

लिंबू आणि व्हिनेगर चुन्याच्या भिंतीवर नको. आम्ल कॅल्शियम कार्बोनेटला खातं, बुडबुडे येतात आणि भिंतीला खड्डा पडतो.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफसवण्याचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. आम्ल आणि आम्लारी तिथे एकमेकांना संपवतात. मागे उरतं ते मुख्यतः क्षाराचं पाणी. फसफस दिसायला छान, पण सफाईला त्याचा उपयोग थोडाच.

ब्लीचिंगचं पाणी आणि संडास साफ करायचं आम्ल कधीही एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेतू शकतो. ही सूचना मुलांच्या वहीत लाल अक्षरांत लिहून घ्या.

राख भांड्यांना ठीक, भिंतीला नको. राखेतले खरखरीत कण रंगाची चमक घालवतात.

जुना ऑइल पेंट पॉलिश पेपरने कोरडा घासू नका. पूर्वीच्या रंगांत शिसं असू शकतं आणि त्याची धूळ लहान मुलांच्या मेंदूला घातक असते. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त नसावं, असा नियम आपल्या देशात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाच्या भिंतीवर ओला फडकाच वापरा. पोपडे निघत असतील तर मुलांना लांब ठेवा.

वर्गात घ्यायचा प्रयोग

ऑइल पेंट दिलेला पत्र्याचा किंवा फळीचा तुकडा घ्या. रंग अलीकडचा, पण पूर्ण वाळलेला असावा. त्यावर पेन्सिलने नऊ चौकोन आखा. पहिल्या ओळीत भाताची खळ, दुसऱ्या ओळीत शिजवलेलं बेसन आणि तिसऱ्या ओळीत हळद घातलेलं तेल लावा. प्रत्येक चौकोनात एकेक छोटा चमचा. दोन दिवस वाळू द्या.

आता पहिल्या उभ्या रांगेतले डाग कोरड्या फडक्याने पुसा. दुसऱ्या रांगेला साध्या पाण्याची ओली पट्टी दोन मिनिटं ठेवून पुसा, तिसऱ्या रांगेला पंधरा मिनिटं. डाग जाईपर्यंत फडका किती वेळा फिरवावा लागला ते मोजा. ३० पर्यंत मोजून थांबा. पुसणारा विद्यार्थी एकच, फडका एकाच कापडाचा, पाणी एकच. बदलायचा तो फक्त वेळ. मोजलेले आकडे मुलांनी स्वतः तक्त्यात भरायचे.

खळीच्या ओळीत जास्त भिजवलं तसं काम हलकं होतं, हे मुलांच्या लगेच लक्षात येतं. तेलाच्या ओळीत मात्र कितीही वेळ पाणी ठेवलं तरी फारसा फरक पडत नाही. इथे थांबा आणि विचारा, "असं का झालं असेल?" उत्तर लगेच सांगू नका. मग तीच ओळ साबणाच्या पाण्याने करून दाखवा. फडका लालसर झाला की दर्शकाचा भागही तिथेच शिकवून होतो.

चर्चेसाठी प्रश्न

१. जेवल्यावर ताट लगेच पाण्यात का ठेवतात?
२. कपड्याला खळ करतात तेव्हा आपल्याला डागाचा कोणता गुण हवा असतो?
३. डिस्टेंपरच्या भिंतीवर पंधरा मिनिटं पट्टी ठेवली तर काय होईल?
४. तुमच्या घरी भिंत कोण पुसतं? आठवड्यातून किती वेळ जातो?

चौथ्या प्रश्नाला वेळ द्या. मुलं घरी जाऊन मोजून येतात तेव्हा आकडे बोलके असतात. मुलगे आणि मुली दोघांनाही गृहपाठ एकच द्यावा : या रविवारी घरातला एक डाग स्वतः काढायचा. भिंत कशाची, डाग कशाचा, किती वेळ भिजवलं आणि किती पाणी लागलं, या चार ओळी वहीत लिहायच्या. पालकांनी खाली सही करावी, पण डाग मुलांनाच काढू द्यावा. सोडा वापरायचा झाला तर तेवढं काम मोठ्यांनी करावं.

शाळेतल्या स्वयंपाकी ताईंनाही या तासाला वर्गात बोलवा. कोणता डाग कधी निघतो, हे अनुभवाने त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं. त्यांनी सांगायचं आणि मुलांनी त्यामागचं कारण शोधायचं, असा तास एकदा जरूर घेऊन पाहा. त्यानंतर किचनशेडमध्ये एक सुती फडका, एक फूटपट्टी आणि दुधाची एक पिशवी खिळ्याला कायमची अडकवून ठेवा. डाग ओला असतानाच पुसला, तर यातलं बाकी काहीच करावं लागत नाही.